अर्ध्या वडाची संध्याकाळ

फांदी पडल्याचा आवाज आला तेव्हा मी शामलाचे श्वास मोजत होते आणि सत्तावीसपर्यंत आले होते. आधी एक लांबलचक करकर ऐकू आली, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग कानांच्याही आधी तळपायांना कळलेलं धप्प. फळीवरचं एक फुलपात्र किणकिणलं. शामला जागी झाली नाही. माझा आकडा मात्र तुटला, आणि तुटलेला आकडा पुढं चालू ठेवायचा नाही असा माझा मीच केलेला नियम असल्यामुळं मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. चार महिन्यांच्या मुलाचा श्वास मिनिटाला तीस ते चाळीस चालतो असं बाळसंगोपनाच्या पुस्तकात दिलं होतं. दिवसातून किती वेळा मोजायचा ते दिलं नव्हतं. मी अंघोळीनंतर मोजायची, ती निजली की मोजायची, आणि जास्त वेळ निजून राहिली की पुन्हा मोजायची. ह्यांना पहिल्यांदा समजलं तेव्हा हे हसले होते. "हजेरी झाली का?" असं विचारायचे. हल्ली विचारत नाहीत. दारात नुसते उभे राहतात आणि माझे ओठ हलायचे थांबले की मग काय ते बोलतात.

जळकोटला येऊन आम्हाला अडीच महिने झाले होते. हे, म्हणजे राघवेंद्र, रस्त्याचे ओव्हरसियर. सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं, आणि माझं बाळंतपण उरकून सव्वा महिना होतो न होतो तोच मी सोलापुरातून इथं, पार्वतम्माच्या घरातल्या दोन खोल्यांत येऊन पडले. पार्वतम्मा आमची घरमालकीण. उरलेल्या अर्ध्या घरात ती आणि तिच्या तीन शेळ्या. सोलापुरात दिवसाला आकार असायचा. गिरणीचा भोंगा झाला की गल्ली उठायची, दुसरा झाला की डबे निघायचे. आपण काही केलं नाही तरी दिवस कुणीतरी पुढं ढकलत असे. इथल्या दुपारी कुणीच काही ढकलत नव्हतं. इतकं निवांत, की चार हातांवर निजलेल्या मुलीचा श्वास ऐकू यायचा, आणि जे ऐकू येतं ते थांबलेलंही ऐकू येणार, हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर बाहेर काढायची वाट तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या मला सापडत नव्हती. पार्वतम्मा एकदा म्हणाली होती, "पैलं म्या म्हटलं, बाईसाब मंतर म्हणत्यात. अन् तुमी ल्हेकराचा दम मोजायलाव व्हय? मोजल्यानं वाढत न्हाय, घटत बी न्हाय. सोडा की."

अर्ध्या तासानं मी पुन्हा मोजत होते, एकोणीसवर होते. हे दारात आले आणि या वेळी माझे ओठ थांबायची वाट न पाहता म्हणाले, "नीला, घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं, मी आधी शामलाकडं पाहिलं, मग ह्यांच्या हातापायांकडं. ह्यांच्या हातात ह्यांची खाकी हॅट होती, उलटी, ताटासारखी धरलेली. आत भिजलेल्या छत्रीचा बोळा असावा तसं काहीतरी काळं, चुरगळलेलं, आणि त्या बोळ्यात दोन डोळे. डोळे तपकिरी होते आणि माझ्याकडं पाहत होते. चेहरा कुत्र्याच्या पिल्लाचा, नाक ओलं, मानेभोवती विटकरी लव. बाकी सगळं कातडं आणि काड्या. "रस्त्याकडचा वड पाडतोय ना, त्यावर वटवाघळं होती," हे म्हणाले. "फांदी पडली तशी सगळी उडाली. हे खाली राहिलं."

"एकच?" मी विचारलं. ह्यांनी पायातल्या बुटाची नाडी तपासली. आणखी दोन होती आणि ती मेलेली होती हे मला नंतर समजलं. "मुकादम म्हणतो फेकून द्या. माणसाचा हात लागला, आता आई जवळ करत नाही म्हणे."

"मग?"

"मग काही नाही. फेकता येईना," हे म्हणाले, हॅट खाली ठेवली आणि माणसं खोळंबलीत म्हणून निघून गेले.

मी विचार केला नाही. नंतर पुष्कळदा त्या वेळेचा विचार केला, पण तेव्हा नाही. हातांना जे येत होतं ते हात करत गेले. शामलाचं धुतलेलं जुनं दुपटं घेतलं, सुपात अंथरलं, पिल्लाला त्यावर उताणं निजवलं, आणि शामला दचकून हात उडवते म्हणून तिला जसं घट्ट गुंडाळते तसं त्याचे दोन्ही पंख अंगाशी घेऊन दुपट्याचं टोक खोचलं. शेळीचं दूध सकाळचं होतं, ते कोमट केलं, पाणी घातलं, आणि चांदीचं बोंडलं, माझ्या बारशाचं, त्याच्या तोंडाला लावलं. दूध आत गेलं. मला इतकं बरं वाटलं की मी बोंडलं आणखी तिरकं केलं. मग ते दूध त्याच्या नाकातून बुडबुडे होऊन बाहेर आलं. त्याच्या अंगाला एक झटका बसला, दुसरा बसला, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं, आवाज नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मी ज्याची वाट पाहत होते ते हे असं दिसतं, असं मला अगदी शांतपणे वाटलं. ओळखीचं माणूस दारात उभं राहावं तसं.

"काय करायलाव तुमी?" पार्वतम्मा मधल्या दारात होती. तिनं मला बाजूला केलंच नाही. माझ्या हाताखालून हात घातला, दुपट्याची खोच सोडली आणि पिल्लाच्या मागच्या पायांना धरून त्याला सरळ उलटं लोंबकळत धरलं. नाकातून दुधाचे दोन थेंब खाली जमिनीवर पडले. मग त्यानं एक शिंक दिली, माणसाच्या शिंकेसारखी.

"आई उलटी, बाप उलटा, सगळं गोत उलटं," ती म्हणाली, "अन् तुमी त्याला सुलटं निजवून पाजायलाव. सुलटं निजलं की ह्ये मरायचंच. तुमाला कुणी टांगून जेवाय वाढलं तर घास उतरंल का?"

वलणीवर माझं एक जुनं पातळ होतं. तिनं ते पातळाला टेकवताच पिल्लाच्या पायांची नखं पातळात रुतली आणि जो चुरगळा होता त्याला एकदम अर्थ आला. पंख दोन्ही बाजूंनी मिटले, छत्री मिटावी तसे. डोकं खाली, डोळे माझ्या डोळ्यांसमोर. सुपात ते अपंग होतं, इथं ते पूर्ण होतं. मी त्याचं काही सरळ करायचं नव्हतं. कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या ओठाशी धरली, वरून नव्हे, खालून, तेव्हा एक पातळ गुलाबी जीभ बाहेर आली आणि वात ओढायला लागली. ते ओढणं माझ्या बोटांना समजत होतं. पार्वतम्मा शेळ्यांकडं निघून गेली. वात बुडवायची, धरायची. वात बुडवायची, धरायची. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, आणि तेच सांगायचं आहे. किती वेळ ते मला ठाऊक नाही. दूध संपलं. पिल्लानं डोकं पंखात खुपसलं. मी हात पुसले, वाटी कट्ट्यावर ठेवली, आणि मग मला आठवलं की मला एक मुलगी आहे.

आतल्या खोलीचं दार पाच पावलांवर होतं. त्या पाच पावलांत मी तिला तीन प्रकारांनी मेलेली पाहिलं. आत गेले तेव्हा ती जागी होती. रडत नव्हती. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडला होता आणि ती त्याच्याकडं, तो काहीतरी सांगत असल्यासारखं, लक्ष देऊन बघत होती. उजवी मूठ तोंडात, मुठीवर लाळ, पाय मधूनच हवेत. मला पाहून तिनं फार काही केलं नाही. नजर माझ्यावर आणली, थोडी ठेवली आणि पुन्हा कवडशावर नेली. मी उंबऱ्यावरच बसले. मला राग आला होता असं म्हटलं तर ते खोटं नाही. इतका वेळ माझं लक्ष नव्हतं, आणि तिचा श्वास चालला होता. न मोजता, एकेक करून, माझ्या मदतीवाचून. म्हणजे अडीच महिने मी जे करत होते त्यानं नेमकं काय चाललं होतं? आणि त्या रागाच्या खालून, विहिरीत झरा लागावा तसं, गार असं काहीतरी वर येत होतं. त्याला काय म्हणावं ते तेव्हा समजलं नाही. भूक लागली आहे असंच वाटलं. मी रात्रीची शिळी भाकरी चटणीबरोबर तिथंच बसून खाल्ली.

पार्वतम्मा आली तेव्हा मी तिला विचारलं, आता याचं काय करायचं. "करायचं काय? त्याची आई हाय की. ओढ्याकाठच्या चिंचेत जाऊन बसल्यात सगळी, आरडाओरडा ऐकू येत न्हाय का? दिवेलागणीला येईल हुडकत. आमचा गुंडाप्पा चिंचा झोडाय चढतो तवा दरसाल एखादं पडतंयच." गुंडाप्पा तिचा धाकटा भाऊ. "पडलं की त्याच झाडावर नेऊन टांगायचं. ज्या झाडावरनं पडलं तिथंच, दुसरीकडं न्हाय. आई तेवढंच झाड वळखती. भुईवर ती उतरत न्हाय, उतरली तर तिला उडता येत न्हाय. झाडावर टांगा, घेऊन जाती."

"पण हात लागला की घेत नाही म्हणतात. मी तर पाजलंसुद्धा."

"कोण म्हणतंय? ती काय तुमच्यासारखी सोवळ्यातली हाय व्हय, शिवलं की बाटलं म्हणाय?" ती हसली आणि मग माझ्या तोंडाकडं बघून जरा थांबली. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ती कधीकधी मला तंगी म्हणायची. "तंगी, हुडकणारी आई वास बघत बसत न्हाय. हाक ऐकती."

दुपारी हे जेवायला आले. मी ताट वाढता वाढता विचारलं, उरलेला वड कधी. उद्या सकाळी, हे म्हणाले. अर्धा आज, अर्धा उद्या. शनिवारी सगळी माणसं येरमाळ्याच्या कामावर जायची होती. "एक दिवस नाही थांबता येणार?" ह्यांनी भात कालवला, न खाता पुन्हा कालवला. "नाही गं," म्हणाले. हा माणूस खोटा धीर कधी देत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला याचाच त्रास झाला होता. म्हणजे आज एकच संध्याकाळ. आज ती आली तर आली. उद्या तिला ओळखायला झाडच उरणार नव्हतं. पिल्लू वलणीवर झोपलं होतं. उठताना हे म्हणाले, "पाचनंतर तिथं कुणाला फिरकू देत नाही, एवढं करतो," आणि दारातून परत वळून, "माझी हॅट गेलीच म्हणायची."

वड रस्त्यानं नळदुर्गाच्या अंगाला होता, घरापासून चार-पाच मिनिटं. मी शामलाला घेतलं, पार्वतम्मानं पिल्लू पातळासकट. गुंडाप्पा आधीच येऊन बसला होता; वाळका, पन्नाशीचा, पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी लांब. त्यानं पिल्लू मुंडाशात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "सायबानं झाड पाडायचं, बाईसाबनं पिल्लू चढवायचं. सरकारचं काम दोन्ही अंगानं चालू हाय, बरं हाय." हे कसंनुसं हसले. वड अर्धा होता. रस्त्याकडची बाजू गेली होती, तिथं पांढरं ओलं लाकूड दिसत होतं आणि चिकाचा वास होता. शेताकडची बाजू जशीच्या तशी, पारंब्यांसकट. गुंडाप्पा त्या बाजूनं चढला. पाहता पाहता पानांत गेला, मग एक हात दिसला, आणि त्या हाताखाली आडव्या फांदीवर एक काळा ठिपका लोंबायला लागला. तो उतरला तरी ठिपका तिथंच राहिला. आम्ही सगळे मागं सरलो. शामला चुळबुळ करायला लागली तेव्हा पार्वतम्मानं न विचारता तिला माझ्याकडून काढून घेतलं आणि ती लांब, मैलाच्या दगडाकडं चालत गेली. मी दिली. हात रिकामे झाल्याचं मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

सूर्य बुडाला तशी ओढ्याकडची चिंच काळी झाली आणि मग ते काळं सुटून वर आलं. आधी दहा-वीस, मग शेकडो, आवाज न करता, संथ, कावळ्यांपेक्षा मोठे पंख. ती सगळी दक्षिणेकडं चालली होती, बागांकडं. वडाकडं एकही वळत नव्हतं. फांदीवरचा ठिपका गप्प होता. हाक मार, मी मनात म्हणत होते. हुडकणारी आई हाक ऐकते, पार्वतम्मानं सांगितलंय. मी उडणारी मोजायला लागले होते हे चाळिसाव्याला माझ्या लक्षात आलं. आणि मला टांगे आठवले. मी आठ वर्षांची होते, रझाकारांच्या दंगलीचे दिवस. तुळजापूर सोडून पुष्कळ घरं हद्दीपलीकडं सोलापूरला जात होती. पहाटे आईनं मला शेजारच्या चंद्रप्रभाकाकूंच्या गाडीत चढवलं. "पुढं हो, मी येतेच," म्हणाली आणि मागं वळून घरात गेली. आजोबांना चालता येत नव्हतं, त्यांना बाजेवर घालून आणायला माणसं मिळवायची होती. हे सगळं मला पुढं कळलं, कितीतरी वेळा ऐकलं, पटलं. पण सोलापुरात काकूंच्या नातेवाइकांच्या फाटकाशी जी मुलगी उभी होती तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती टांगे मोजत होती. पन्नास टांग्यांच्या आत आई येईल. शंभराच्या आत. मधेच कुणी जेवायला बोलावलं आणि आकडा तुटला तर पुन्हा एकपासून, कारण कदाचित त्या चुकलेल्या आकड्यामुळंच ती येत नसेल. तीन दिवस. ते तीन दिवस माझ्या अंगात अजून आहेत, फाटकाच्या गजांच्या गंजाच्या वासासकट. आणि तिथं, त्या अर्ध्या वडाखाली, मला चौदा वर्षांत पहिल्यांदा चौथा दिवस आठवला. आई टांग्यातून उतरली होती. एका पायात चप्पल नव्हती. तिनं मला जवळ घेतलं नाही, रडली नाही, माझी मान धरून मला पाठमोरं फिरवलं आणि म्हणाली, "वेणी कुणी घातली गं ही? तिरकी झालीय." आणि तिथंच उभ्या उभ्या सोडून नीट घालायला लागली. तो दिवस मी कुठंच धरून ठेवला नव्हता. तो आल्यावर मोजायचं कारणच संपलं होतं.

"आली," गुंडाप्पा हलक्या आवाजात म्हणाला.

रांगेतून एक सुटलं होतं. ते वडाभोवती फिरलं, तुटलेल्या बाजूला आलं, जिथं फांदी असायला हवी होती तिथं हवेत क्षणभर अडखळलं आणि निघून गेलं. हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. पुन्हा आलं. पुन्हा त्याच मोकळ्या जागेत. तेव्हा वरून आवाज झाला, चिक्, चिक्, चिमटीत धरल्यासारखा बारीक, आणि मग थांबेचना. तिसऱ्या फेरीला ती दाणकन एका पारंबीजवळ आदळली, लोंबकळली, आणि अंगठ्यांच्या नखांनी पुढं सरकायला लागली. वेंधळी, फांद्यांत अडकत, पंख कुठं ठेवावा हे न कळल्यासारखी. आकाशात इतकी देखणी दिसणारी बाई जिन्यावरून धडपडत येत होती. ठिपक्यापाशी पोचली. एक पंख उघडला. मग फांदीवर एकच आकार होता, आधीच्या दोहोंपेक्षा मोठा. "काखेत दूध असतंय तिच्या," गुंडाप्पा म्हणाला. "बिलगलं." ती बराच वेळ तशीच राहिली. मग फांदी सोडून खाली पडली, आणि पडता पडता उडाली, जड, आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की तिच्या छातीशी बिलगलेली विटकरी लव मला दिसली.

ह्यांनी डोक्याला हात लावला, तिथं हॅट नव्हती, तसाच केसांतून फिरवला. "उद्या पाडताना निदान..." म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. गुंडाप्पानं मुंडासं झटकून डोक्याला बांधलं आणि बिडी मागितली. हे ओढत नाहीत, तरी खिसे चाचपत राहिले.

मग मला रडणं ऐकू आलं. लांबून, मैलाच्या दगडाकडून, आणि बऱ्याच वेळापासून चाललेलं असावं. शामलाचं होतं. भुकेचं, माझ्या छातीला ते कानांआधी समजलं आणि चोळी ओली झाली. पार्वतम्मा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती आणि मोठ्यानं, तिच्यापेक्षा मलाच ऐकू यावं म्हणून, म्हणत होती, "येती गं बाई, येती, तुजी आई कुठं जाती." रडणं थांबत होतं, दम घेत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. इतक्या लांबून ते मला पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं. त्यात भीती नव्हती. कुणीतरी येणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची ती तक्रार होती, उशीर झाल्याची. रस्त्यावर अजून उजेड होता. मी पदर खोचला आणि तिच्याकडं निघाले, चालत.